चौऱ्याऐंशी उंबरे

मंगळवारी सकाळी चतुराबाईनं गळ्यातली कवड्यांची माळ काढली आणि देव्हाऱ्याशेजारच्या खुंटीला अडकवली.

बाराव्या वर्षी ती माळ तिच्या गळ्यात पडली होती. तेव्हापासून न्हाताना, बाळंतपणात, नवरा गेला त्या दिवशीसुद्धा ती उतरली नव्हती. माळेखालची कातडी पांढरट पडली होती, पाण्यातल्या दगडासारखी. चतुराबाईनं तिथं बोट लावून पाहिलं. मान एकाएकी हलकी झाली होती आणि त्या हलकेपणाचंच तिला भ्या वाटत होतं.

"आई, आजच्या दिवस तू हितंच ऱ्हा," ती देव्हाऱ्याकडं बघून म्हणाली. "मला आज खोटं बोलायचंय. तुला गळ्यात घेऊन ते जमायचं न्हाई."

खोटं काही फार मोठं नव्हतं. एका शब्दाचं होतं. तालीम खात्याचे, म्हणजे शिक्षणखात्याचे, साहेब आज शाळा तपासायला येणार होते. ते विचारणार, जोगवा किती घरी मागता? आणि तिनं म्हणायचं, पाच.

पाचच होता नेम. रेणुकाईच्या पिंपळगावात चतुराबाई आराधीण. मंगळवारी न् शुक्रवारी कपाळभर कुंकू लावायचं, हातात वेताची परडी घ्यायची, पाच घरी आईच्या नावानं मूठ मूठ दाणा मागायचा आणि त्या दिवशीची भाकर त्याच दाण्याची खायची. सहाव्या दारात परडी न्यायची नाही. "सहावं दार गाठलं की ते आईचं मागणं राहत न्हाई, पोरी, पोटाचं होतं," असं तिच्या गुरूबाईनं माळ घालतानाच बजावलं होतं. पन्नास वर्षं तिनं ते पाळलं.

मग धर्मराज मास्तर आले.

अंबडहून आले, एक ट्रंक, एक फळा आणि बायको द्वारकाबाई घेऊन. सरकारी शाळा होती ती चार कोसांवर, तिथं सगळं उर्दूतून. मास्तरांनी खाजगी शाळेची वर्षाची इजाजत आणली आणि देवळाच्या ओट्यावर अकरा लेकरं बसवली. मराठी शिकवायचे, उर्दूही शिकवायचे, आणि गणित असं की लेकरांना घरी जायला नको वाटायचं. त्यांच्या गणितात पुस्तकातले आंबे-संत्री नसायचे. सरदारबीच्या शेळ्या असायच्या, कडूबा सुताराच्या फळ्या असायच्या, रामराव पाटलाच्या विहिरीचे हात असायचे. लेकरं आपापल्या घरातली माणसं गणितात सापडतात का म्हणून कान टवकारून बसायची.

इजाजतीच्या अटी तीन. शाळेला स्वतःचं छप्पर पाहिजे. पोरं परीक्षेत उतरली पाहिजेत. आणि वरच्या परवानगीवाचून लोकांकडून चंदा गोळा करायचा नाही. ती परवानगी कधी कुठल्या गावाला आलेली कुणी ऐकली नव्हती.

पहिल्याच दिवाळीला मास्तरांची कणगी रिकामी झाली. एका मंगळवारी चतुराबाई पाच घरं मागून त्यांच्या दारावरून जात होती. द्वारकाबाई चूल पुसत होती. रोज पुसतात तसं नव्हे. गाव सोडताना बाई जशी कोपरान् कोपरा पुसते, मागच्यानं नाव ठेवू नये म्हणून, तसं. आणि पायरीवर कडूबाची नंदा बसली होती, नऊ वर्षांची, मातीत बोटानं पुन्हा पुन्हा एकच अक्षर काढत. हे शेवटचंच, असं तिला कुणीतरी सांगितलं असावं.

चतुराबाई दोन घटका तिथंच उभी राहिली. मग वळली आणि सहाव्या दारात गेली.

सहावं दार सरदारबीचं.

"का गं चतुरा, वाट चुकलीस का?" सरदारबी म्हशीखालून उठत म्हणाली. "तुझी आई आता आमच्या घरचं बी जेवून राह्यली काय?"

"आईसाठी न्हाई, माय. मास्तरसाठी मागून राह्यले."

"मंग तसं म्हण की! माझा बी पोरगा बसतो तिथं. न्हाई तर दिवसभर म्हशीच्या शेपटीला लटकला असता." आणि तिनं अशी मूठ भरली की दाणे बोटांतून सांडले.

त्या दिवशी चतुराबाई गावकुसाबाहेरच्या शेवटच्या खोपटापर्यंत गेली. चौऱ्याऐंशी उंबरे. प्रत्येक दारात तिनं गाणं म्हटलं, चालता चालता जुळलेलं.

*पाचा घरचा गं दाणा, परडीत खुळखुळं,*
*आईच्या ओट्यावरी, लेकरांची शाळा जुळं.*
*घाल गं बाई मूठ, उंबऱ्याच्या आतून,*
*तुझ्या लेकीचं गं नाव, निघंल पाटीतून.*

गाण्यात पाच होते, परडीत चौऱ्याऐंशी. ती खोट तिला तेव्हाच टोचली होती.

तेव्हापासून दर मंगळवारी न् शुक्रवारी तोच फेरा. त्याला दोन वर्षं झाली. मास्तरांच्या घरी ज्वारी, बाजरी, मका, तूर सगळ्याचं एकत्र दळण पडायचं. त्याची भाकर थापली की चिरायची. द्वारकाबाई हसून म्हणायची, "आमच्या तव्यावर अख्खं गाव भाजतंय." उरलेला दाणा देऊन तुळया आल्या, कडूबानं फुकट घडवल्या, आणि ओट्यालगत उभ्या केलेल्या शाळेच्या भिंतींवर मातीचं छप्पर, माळवद, चढायला लागलं. अर्धं झालं होतं, अर्ध्यावर अजून आभाळ होतं.

आणि कुणीतरी अर्ज केला. पिंपळगावच्या खाजगी शाळेसाठी घरोघर चंदा जमवतात म्हणून. कुणी केला, ते कधी कळलं नाही.

सोमवारी दिवस मावळायच्या आत सगळे ओट्यावर जमले होते. रामराव पाटलांनी पागोटं मांडीवर काढून ठेवलं.

"जोगव्याला कायदा न्हाई," ते म्हणाले. "पाच घरं मागितली तर धरम. पाचाच्या पुढं गेलं की चंदा. साहेबासंगं लिहायला जो पेशकार येणार हाय, तो आपल्याच भागातला. आराधणीचा नेम त्याला बराबर ठाऊक. तो तेच इचारणार."

"मंग पाच म्हणायचं," कडूबा म्हणाला. "त्यात काय एवढं? एक शब्द."

सगळ्यांच्या माना चतुराबाईकडं वळल्या. मास्तर तेवढे खाली बघत होते.

"आजी, खोटं बोला असं मी कोणत्या तोंडानं सांगू? रोज पोरांना उलट सांगतो," ते म्हणाले. "पण इजाजत गेली तर परवापासून फळा गुंडाळायचा."

पोरांनाही पढवून ठेवलं होतं. शाळेला दाणा कोण देतं? तर सगळ्यांनी एका सुरात, "रेणुकाई देती!" इतकं जोरात म्हटलं की देवळावरची पारवी उडाली. गणिताचं मात्र कुणाच्या ध्यानात आलं नाही.

*

साहेब घोड्यावरून आले, मागं तट्टावर पेशकार. फकरोद्दीन साहेब म्हणजे उंच, वाळकेलसे, कोटाची सगळी बटणं लावलेली. मराठी समजायची, बोलताना मात्र उर्दूच पुढं यायची. अर्ध्या माळवदाखाली सावलीत त्यांची खुर्ची ठेवली. बायका भिंतीबाहेर पदर ओढून उभ्या राहिल्या. चतुराबाई त्यांच्यात. तिच्या उघड्या मानेकडं सरदारबीनं एकदा पाहिलं आणि पुन्हा पाहिलं.

"छत किसने डाली?" साहेबांनी वर बघत विचारलं.

"गावानं, हुजूर," रामराव म्हणाले. घसा खाकरला. "गावाच्या हातानं."

साहेबांनी पोरांचं वाचन घेतलं. सरदारबीच्या पोरानं अडखळत का होईना, मराठी धडा काढला. मग नंदा उभी राहिली. आता ती अकराची होती, दोन वेण्या, पायाला लाकडाचा भुस्सा. साहेबांनी स्वतःच्या पिशवीतलं उर्दू पुस्तक मधूनच उघडून दिलं आणि ती पाणी वाहावं तसं वाचत गेली. साहेबांची भुवई वर गेली. मास्तरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. भिंतीबाहेर कुणीतरी कडाकडा बोटं मोडली.

"हिसाब?" साहेब म्हणाले.

"आता है, साहेब."

"तो किताब का नको. रटा हुआ सब को आता है. खुद बनाव. तूच घाल, तूच सोडव."

नंदाचा चेहरा उजळला. तिच्याकडं एक गणित होतं, सगळ्यांत लाडकं. ते बाराच्या पाढ्यात नेमकं बसायचं, बाकी काही उरायचीच नाही. तिनं पाटी छातीशी धरली आणि सुरात सुरू केलं.

"चतुराआजी मंगळवारी चौऱ्याऐंशी उंबरे फिरती. दर उंबऱ्याला एक मूठ. बारा मुठींचा एक शेर. तर किती शेर? सात शेर, बाकी काही न्हाई."

कुणी थांबवलं नाही म्हणून ती पुढं गेली.

"शुक्रवारी बी सात. झाले चौदा. मास्तरांच्या घरी रोज एक शेर दळण, आठवड्याला सात गेले. उरले सात. ते माळवदाला."

आणि तिनं मास्तरांकडं पाहिलं. रोज या जागी मास्तर "शाब्बास" म्हणायचे. आज त्यांची नजर पेशकाराकडं गेली. कडूबानं डोळे मिटून घेतले. तट्टू शेपटीनं माशा वारत होतं, तेवढाच आवाज.

नंदा गोंधळली. सगळे गप्प, म्हणजे चुकलं. तिनं थुंकी लावून पाटी पुसली आणि खाली बसून पुन्हा मांडलं. "बारा सात... बारा साती चौऱ्याऐंशी..." पेन्सिल करकरली. "बराबरच येतंय की, मास्तर. दोनदा केलं."

"चतुराआजी कौन?" साहेबांनी विचारलं.

बायका बाजूला झाल्या. पेशकार वाकून साहेबांच्या कानाशी म्हणाला, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, "हुजूर, इन लोगों में जोगवे का कायदा पाँच घर का. उससे ज्यादा हुआ तो जोगवा नहीं."

"बताव माई. किती घर?"

चतुराबाईचा हात आपोआप गळ्याकडं गेला. तिथं माळ नव्हती. त्यासाठीच तर काढून ठेवली होती. शब्द ओठावर होता, रात्रभर घोळवलेला, पाच. म्हटलं की झालं. पोरगी आहे, पोरी काय काहीही गणितं घालतात, असं हसून नेता आलं असतं. रामराव नजरेनं तेच सांगत होते. गावाचा श्वास तिच्या जिभेवर येऊन टेकला होता.

पण नंदा पाटीकडं बघत होती. ओल्या पाटीवर आकडे हळूहळू सुकून पांढरे होत होते, आणि ती पुन्हा बोटांवर मोजत होती, चूक कुठं झाली ते शोधत. आता आपण पाच म्हटलं तर ही जन्मभर शोधत बसंल, चतुराबाईला वाटलं.

"पोरीचं गणित बराबर हाय, साहेब," ती म्हणाली. "चौऱ्याऐंशी."

कडूबानं कपाळावर हात मारून घेतला. मास्तर भिंतीला टेकले.

साहेब खुर्चीतून पुढं झुकले. "पाँच का नेम होतं, तो छठे दरवाजे क्यूँ गई?"

"मास्तरीण चूल पुसून राह्यली होती, साहेब. जायला निघालेल्या बाईवानी."

"आणि छठा दरवाजा किसका?"

"माझा!" सरदारबी पदराआडून म्हणाली. "मूठ मी घातली, तिनं काय माझ्या कणगीत हात न्हाई घातला. पकडायचं तर मला बी पकडा. फकत म्हशीची धार काढून येते, ती दुसऱ्या कुणाला पान्हवत न्हाई."

पोरांत खसखस पिकली आणि लगेच विझली. साहेबांच्या ओठाचा कोपरा हलला की नाही, सांगता यायचं नाही. त्यांनी पेशकाराला कागद घ्यायला सांगितलं आणि सावकाश बोलत गेले. लिहून झाल्यावर कागद नंदापुढं धरला.

"पढ. सब को सुनाव. मराठीत."

नंदा वाचायला लागली. एक ओळ उर्दूत, एक मराठीत. "या शाळेची मुलं हुशार आहेत... म्हणून इजाजत एक वर्ष वाढवली..." ओट्यावरून सुस्कारा निघाला. "चतुराबाई, आराधीण, लिहून देते की... शाळेसाठी कोणत्याही दारात... जाऊन मागणार नाही. पुन्हा मागितलं तर शाळा बंद होईल आणि मास्तर जबाबदार..." शेवटचे शब्द तिनं कागदालाच सांगितले. आपल्या गणितानं काय केलं, ते तिला आता, वाचता वाचता कळत होतं.

चतुराबाईनं अंगठा शाईत बुडवला आणि टेकवला.

जाताना साहेबांनी उघड्या तुळयांकडं एकदा वर पाहिलं. "लडकी को आगे पढाव," मास्तरांना म्हणाले, आणि रिकिबीत पाय घातला.

*

घरी येऊन तिनं माळ खुंटीवरून काढली. बराच वेळ हातातच धरली. खोटं बोलली नव्हती, पण बोलायला म्हणून आईला उतरवून गेली होती. ते कशात धरायचं? शेवटी घातली. कवड्या गार लागल्या.

बुधवारी कुणी तिच्याशी भांडलं नाही, तेच वाईट होतं. पाणवठ्यावर ती दिसली की बायका बोलता बोलता थांबायच्या. कडूबानं माळवदावरची हत्यारं उतरवून घरी नेली. रामराव देवळात भेटले तेव्हा म्हणाले, "खऱ्यानं इजाजत वाचली, चतुराबाई. आता मास्तर काय खरं दळून खातील?"

द्वारकाबाईच्या कणगीत तीन दिवसांचं दळण होतं. चतुराबाईनं डोकावून पाहिलं होतं.

नंदा शाळेत आली नाही. गुरुवारी चतुराबाईला ती कडूबाच्या लाकडांच्या ढिगामागं सापडली, गुडघ्यात डोकं घालून.

"आजी, मी चुकवलं."

"चुकलं न्हाई. बराबर होतं."

"मंग सगळे गप का झाल्ते?"

"बराबर होतं म्हणून," चतुराबाई म्हणाली आणि तिच्या केसांतला भुस्सा काढत बसली. लेकराला खरं शिकवलं की घराला कधी कधी छप्पर राहत नाही, हे कोणत्या ओवीत बसवायचं?

शुक्रवार उजाडला. तिनं मळवट भरला, परडी घेतली, पाच दारं मागितली. पाचव्या दारातून निघताना पाय सवयीनं सरदारबीच्या बोळाकडं वळले. तिनं ते ओढून मागं आणले. गाणंही अर्ध्यावर तोडलं. आणि घरी जायचं सोडून शाळेच्या पायरीवर जाऊन बसली, परडी बाजूला ठेवून. आत मास्तर पाढे म्हणून घेत होते. नंदाला कडूबानं हाताला धरून आणून बसवलं होतं, अगदी दाराशी. मास्तरांचा आवाज बारीक येत होता. पलीकडं द्वारकाबाईनं घरातली ट्रंक बाहेर काढून उन्हात ठेवली होती. ऊन द्यायलाच असंल, चतुराबाईनं स्वतःला सांगितलं. साहेब ज्या वाटेनं गेले होते त्या भोकरदनच्या रस्त्यावर धूळ उठली की ती अर्धी उठून बघायची. घोडा नाही, बैलगाडी असायची.

ऊन पायरीवरून खाली सरकलं तेव्हा सरदारबी आली. पदराखाली एक हात झाकलेला.

"मी काय मागितलं न्हाई हां," चतुराबाई घाबरून उठलीच. "सरदारबी, मी तुझ्या दारात आले न्हाई. बघ, अंगठा दिलाय मी."

"तू कुठं मागितलंस? म्हशीला पाणी दाखवायला चालले होते, तर मूठ जड झाली." तिनं हात परडीवर उघडला. दाणे खुळखुळले. "कागदावर तुझा अंगठा हाय, माय. माझा न्हाई."

"अगं, पण पेशकाराला कळलं तर..."

"कळू दे. त्याला म्हणावं, ये, माझ्या म्हशीखाली बस."

ती गेली आणि तिच्या मागून लोहाराची बाई आली. ती काहीच बोलली नाही, ओंजळ उलटी केली आणि चटचट निघून गेली, चोरी केल्यासारखी. मग दोघी जावा. मग गावकुसाबाहेरून एक म्हातारी, काठी टेकत. ती परडीपासून चार पावलांवर थांबली, तेव्हा चतुराबाईनं उठून परडी तिच्यापुढं नेली, आणि नेताना पुन्हा दचकली, हे मागणं तर नाही ना झालं? म्हातारीनं मूठ घातली. दुपार कलली तरी बायका येतच होत्या, एकेक, एकमेकींकडं न बघता, कुणी घागर घेऊन, कुणी शेणाची पाटी घेऊन, जणू वाट सहज इकडून होती. कडूबा आला तो दाणे घेऊन नव्हे. लाकूड तासायचा वाकस खांद्यावर टाकून तो तडक माळवदावर चढला आणि वरून ठोकण्याचा आवाज सुरू झाला.

चतुराबाईची नजर रस्त्यावरून हलत नव्हती.

दारातून नंदा हळूच बाहेर आली. पाटी हातात. ती परडीकडं बघत राहिली, येणाऱ्या बायकांकडं बघत राहिली, आणि नकळत पेन्सिलीनं पाटीच्या कडेला एक उभी रेघ ओढली. मग दुसरी.

"आजी," ती कुजबुजली, "सरदारबी धरून किती झाल्या, लिहू का?"

"नगं माय," चतुराबाई म्हणाली आणि स्वतःच्या पदरानं तिची पाटी पुसली. "मोजलं की गणित होतं. आणि गणित झालं की तू ते बराबरच करशील."

नंदानं पाटी उलटी करून मांडीवर ठेवली आणि तिला टेकून बसली. दोघी मिळून रस्त्याकडं बघत राहिल्या.